डोंगरमाथ्यावरचे दोन दिवस

प्रवास हा विद्येचाच एक भाग आहे, असें मीं वर्गांतल्या मुलांस तीस वर्षें सांगितलें. परंतु स्वतः मात्र शाळा, घर आणि नागपुरांतील जुन्या पुस्तकांचीं दुकानें यांपलीकडे फारसा गेलों नाहीं. निवृत्त झाल्यावर तरी तें सांगणें खरें करावें, असें घरांतील मंडळी म्हणत. पण त्या योगास निमित्त झालें तें एका कौटुंबिक अबोल्याचें. म्हणून चिखलदरा व गाविलगड यांच्या दोन दिवसांच्या मोटार-प्रवासाची हकीकत सांगतांना घरांतली गोष्टहि थोडी सांगावी लागेल, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

आमचें घर हिंगण्यास आहे. वडिलांनीं तें बांधलें तेव्हां भोंवतीं ज्वारीचीं व कापसाचीं शेतें होतीं. पुढें औद्योगिक वसाहत आली, कारखान्यांचे भोंगे आले, आणि २०२० सालीं नागपूरची मेट्रो हिंगणा मार्गावरील लोकमान्यनगरापर्यंत आली. आम्ही नागपुरास जाण्याऐवजीं नागपूरच आमच्याकडे चालत आलें, असें म्हटलें तरी चालेल. ज्या घरांत एके काळीं तेरा पानें मांडलीं जात, त्या घरांत आतां सात माणसें उरलीं: थोरले बंधु (त्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों) व वहिनी, मी व माझी पत्नी, माझा मुलगा, सून आणि नात. दादांचा थोरला मुलगा नागपुरांत सदनिका घेऊन राहतो. गेल्या दिवाळींत त्यानें पाडव्याच्या पंक्तींतच विषय काढला: “काका, हें घर आतां विकावें. भाव चांगला आला आहे. एवढ्या खोल्या झाडण्यांत घरांतल्या बायकांचा जन्म जातो.” मी रागानें कांहीं बोललों, तोहि कांहीं बोलला, आणि दादा नुसते ताटाकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून दोन्ही घरांमध्यें जाणेंयेणें राहिलें, बोलणें राहिलें नाहीं.

त्याच सुमारास रोमहून छायाचित्रें आलीं. दादांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त तेथें असतो. एका शनिवारीं-रविवारीं मित्रांसह मोटार घेऊन तो इटलीच्या मध्यभागांतील डोंगरमाथ्यांवरचीं गांवें पाहून आला होता. पूर्वीं तिकडचे लोक उंचावर कां राहत, याचीं दोन कारणें त्यानें लिहिलीं होतीं: खालच्या दलदलींतील हिंवतापाचें भय, आणि मैदानांतून येणाऱ्या सैन्यांचें भय. ओर्विएतो नांवाच्या गांवीं त्यानें एक विहीर पाहिली. रोमची लूट झाल्यावर, १५२७ सालीं, पोपनें ती खोदावयास घेतली. दहा वर्षांनीं पुरी झाली. सुमारे ५३ मीटर खोल विहिरींत दोन गोल जिने असे गुंफलेले कीं, रिकामें खेंचर एका जिन्यानें उतरतें व पाणी घेऊन दुसऱ्यानें चढतें. दोघांची गांठ पडत नाहीं. वेढा पडला तरी गांवास पाणी मिळावें, हा हेतु.

परंतु घरांत अधिक चर्चा झाली ती चिविता या गांवाची. ठिसूळ दगडाच्या एका उंच सुळक्यावर एट्रुस्कन लोकांनीं अडीच हजार वर्षांपूर्वीं तें वसविलें. १६९५ च्या भूकंपानंतर तेथील बिशपाचें ठाणें शेजारच्या बान्योरेजो गांवीं गेलें, मागोमाग माणसेंहि गेलीं, आणि कडे ढासळत राहिले. १९६५ सालीं बांधलेल्या पादचारी पुलावरून तेथें जावें लागतें. बारा महिने राहणारीं माणसें आज मूठभर. पाहावयास येणारीं मात्र लाखोंनीं. २०१३ पासून तर आंत जाण्यास पैसे पडतात. हें ऐकून वहिनी म्हणाल्या, “गांवात जायला तिकीट? मग तिथं जायचं तरी कुणाकडे?”

नातीनें विचारलें, “आजोबा, आपल्याकडे डोंगरावरचीं गांवें नाहींत का?” या प्रश्नास शिक्षकानें उत्तर न देणें म्हणजे नामुष्की. मीं चिखलदऱ्याचें नांव घेतलें. दादा इतक्या दिवसांनीं प्रथमच बोलले: “गाविलगड पाहायचा राहिला आहे.” ते पंचाहत्तरीचे आहेत, त्यांच्या तोंडचें ‘राहिला आहे’ हें क्रियापद सर्वांस लागलें. वहिनींनीं नागपुरास दूरध्वनि केला, आणि पुतण्यानें सात जणांची मोटार काढण्याचें कबूल केलें.

मार्गशीर्षांतल्या एका शनिवारीं पहांटे पांचला आम्ही निघालों. दादा, वहिनी, मी, पत्नी, नात, गाडी हांकणारा पुतण्या व त्याची बायको. माझ्या मुलाची कारखान्यांत पाळी होती, म्हणून तो व सूनबाई घरीं राहिलीं. बरोबर दुधांत भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्यांची चटणी, लिंबाचें लोणचें आणि पांघरुणांचें एक गांठोडें. हिंगण्याहून वाडीस येऊन अमरावतीची सडक धरली कीं बाजारगांव, कोंढाळी, तळेगांव अशीं गांवें एकामागून एक येतात. कोंढाळीच्या पुढें उजाडूं लागलें. कडेला संत्र्यांचे ढीग मांडून बसलेलीं माणसें शेकोटीशीं हात शेकत होतीं.

तळेगांव मागें पडल्यावर वर्धा नदी लागते. आजचा प्रवासी तिच्यावरून एका मिनिटांत जातो; परंतु हीच नदी एकदां राज्याची सीमा झाली होती. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवच्या तहानें नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांस वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडाचा मुलूख सोडावा लागला; पूर्वेकडे कटक प्रांतहि गेला. ही लेखणी चालली ती ज्या घटनेनंतर अवघ्या दोन दिवसांनीं, ती घटना गाविलगडावर घडलेली. तेव्हां आम्ही परिणामाकडून कारणाकडे चाललों होतों, असें मीं नातीस समजाविलें. पुतण्या आरशांतून माझ्याकडे पाहत होता, बोलला नाहीं.

मोझरीस गुरुकुंज आश्रमांत थांबलों. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची येथें समाधि आहे. ते १९६८ सालीं गेले. गांव कसें उभें राहतें याचा विचार करणारी त्यांची ग्रामगीता विदर्भांतल्या पुष्कळ घरांत आहे, आमच्याहि आहे. दहा मिनिटें स्वस्थ बसून पुढें निघालों. अमरावती ओलांडून परतवाड्याची वाट धरली. सातपुड्याची निळी रेघ उत्तरेस दिसूं लागली, तसा गाडींतला अबोला किंचित् सैल झाला. सूनबाईनें दशम्या वाढल्या.

परतवाडा व अचलपूर हीं जोडगांवें. अचलपुरानजीकच्या चम्मक गांवीं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला, हें सांगण्यावांचून माझ्यानें राहवलें नाहीं. पांचव्या शतकांतला हा संस्कृत लेख. मधुनदीच्या तीरावरील चर्मांक नांवाचें गांव राजानें एक हजार ब्राह्मणांस दिलें, असें त्यांत आहे. दान वंशपरंपरेचें, पण त्यास अटी जोडलेल्या आहेत. घेणाऱ्यांनीं राज्याचा द्रोह करूं नये, चोरी व व्यभिचार करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. यांत चूक झाली तर राजा गांव परत घेईल आणि तें घेणें चोरी ठरणार नाहीं! पुतण्या पहिल्यांदा हंसला. म्हणाला, “म्हणजे काका, मालमत्ता नुसती वारशानें टिकत नाहीं.” टोला मला होता, पण ताम्रपट मींच काढला होता, तेव्हां उत्तर देतां येईना.

परतवाड्याहून घाट चढूं लागतो. वळणावळणावर साग मागें पडतो, हवा पातळ व गार होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच. हिंगण्याहून धरलें तर सारा रस्ता सुमारे २३० किलोमीटरांचा. दुपारच्या जेवणापूर्वीं आम्ही वर होतों.

‘चिखलदरा’ हें नांव कीचकदरा यावरून आलें, भीमानें कीचकास मारून येथल्या दरींत टाकलें व भीमकुंडांत हात धुतले, अशी लोककथा आहे. विराटाचा मत्स्यदेश सामान्यतः राजस्थानांतील बैराटकडे मानतात. त्यामुळें इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरणें कठीण. परंतु संस्कृतांत कीचक या शब्दाचा दुसराहि अर्थ आहे: वाऱ्यानें वाजणारा पोकळ वेळू. अमरकोशांत तो दिलेला आहे. सायंकाळीं दरीच्या कडेला उभे असतां खालच्या बांबूंतून वारा वाजत वर येत होता. नांव त्यावरून पडलें असेल असें मी म्हणत नाहीं. तेवढा पुरावा मजजवळ नाहीं. पण वहिनींनीं डोळे मिटून तो नाद ऐकला, आणि भीमाची कथा व अमरकोश दोन्ही आपापल्या जागीं राहूं दिलीं.

या गांवाची खरी अडचण पाण्याची. सातपुड्याच्या या माथ्यावर पावसाळ्यांत धो धो पाऊस पडतो, ढग घरांत शिरतात. आणि तेंच पाणी उतारावरून खालच्या मैदानांत निघून जातें. उन्हाळ्यांत वरच्या माणसांस घागरीची चिंता पडते. येथील शक्कर तलावाच्या कांठीं उभें राहून मला ओर्विएतोची विहीर आठवली. डोंगरावर घर बांधणें सोपें. पाणी राखणें अवघड.

त्या रात्रीं थंडी कडाक्याची होती. विश्रामगृहांत दादा व मी एका खोलींत निजलों. पन्नास वर्षांत असा योग आला नव्हता. दिवा मालविल्यावर ते म्हणाले, “घर विकावं असं मलाही वाटत नाही. पण पोरं खोटं बोलतात असंही वाटत नाही.” मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं.

रविवारीं सकाळीं गाविलगडावर गेलों. गड चिखलदऱ्यापासून जवळच आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पायीं चढावें लागतें. दादांस आम्ही तीन ठिकाणीं बसविलें. इ. स. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहामनीनें हा किल्ला बांधला असें फेरिश्ता सांगतो. पुढें वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क यानें तो मजबूत केला. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या राज्यांतील ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणीं लढाईंत पकडला गेलेला. दिल्ली दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला गंडभेरुंड कोरलेला आहे, आणि गंडभेरुंड हें तर विजयनगरचें चिन्ह! पकडून नेलेल्या मुलास म्हातारपणीं आपलें गांव आठवलें असेल काय, असें नातीनें विचारलें. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर नसतें. पण प्रश्न चुकीचा नाहीं.

गडाच्या पूर्व, पश्चिम व दक्षिण बाजूंस तुटलेले कडे आहेत. केवळ उत्तरेस एका अरुंद सोंडेनें तो पठाराशीं जोडलेला आहे. १८०३ सालीं २९ नोव्हेंबरास आडगांवच्या लढाईंत भोसल्यांचा पराभव झाला व इंग्रज येथें आले. त्यांचा सेनापति आर्थर वेलस्ली, तोच पुढें वॉटर्लूस नेपोलियनला जिंकणारा वेलिंग्टन. तो दक्षिणेस राहिला, आणि कर्नल स्टीव्हन्सन यानें अवजड तोफा ओढीत, रानांतून वाट तोडीत, सुमारे ३० मैलांचा वळसा घेऊन उत्तरेची बाजू गांठली. दोन दिवसांच्या माऱ्यानें तट फुटला, आणि १५ डिसेंबरला गड पडला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढतांना कामास आला. ज्या वाटेनें हत्तींचें बळ आलें, ती वाट आतां कुसळी गवतानें झांकली आहे.

आंत मशिदीच्या कमानी आहेत, तलाव आहेत, पडक्या भिंती आहेत, उन्हांत तापणाऱ्या तोफा आहेत. माणूस मात्र एकहि नाहीं. बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, भोसले, इंग्रज: एवढ्यांनीं हा दगड आपला म्हटला. दादा तटावर बसून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गडाला गाविलगड म्हणतात. या सगळ्यांत गवळी कुठं गेले?”

हा प्रश्न मला आजवर सुचला नव्हता. किल्ल्याचें नांव राजांवरून नाहीं, बहामनी बांधकामाच्या आधीं या माथ्यावर गुरें चारणाऱ्या गवळ्यांवरून आहे, असें परंपरा सांगते. आणि गवळी कोठेंच गेले नव्हते. चिखलदऱ्याजवळच्या मोथा गांवीं त्यांची वस्ती आजहि आहे. तेथील खवा व रबडी प्रवाशांच्या ओळखीची. अलीकडे तेथें स्ट्रॉबेरीचे वाफेहि दिसतात. उतरतांना आम्ही तेथें थांबलों.

एका अंगणांत वहिनींच्या वयाच्या बाईनें सर्वांस पितळी पेल्यांतून ऊन दूध दिलें. पैसे फक्त खव्याचे घेतले. मीं विचारलें, “बाई, पाण्याची एवढी ओढ, शाळेची अडचण, दवाखाना लांब, मग खालीं कां नाहीं राहत?” ती म्हणाली, “खाली नेली तं ढोरं काय खातीन? अन् वर ठेवली तं पोरं काय शिकतीन?” मग तिनें समजावून सांगितलें. तिला तीन मुलगे. एक जण गुरांपाशीं वर राहतो. दोघे परतवाड्यास, सगळ्या भावांचीं मुलें तेथें शाळेंत. दोन-तीन वर्षांनीं पाळी बदलते. वरचा खालीं जातो, खालचा वर येतो. खव्याचा पैसा तिघांचा. भांडणें होत नाहींत काय, असें वहिनींनीं विचारलें. बाई हंसली: “व्हतात ना! पण पाळी चुकत नाही.”

हें सर्व डोंगरी गांवांस साधत नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. मेळघाटांत मुख्य वस्ती कोरकूंची. त्यांची भाषा मुंडा कुळांतली, म्हणजे मराठी-हिंदीहून अगदीं निराळी. आणि कोरकू या शब्दाचा अर्थ त्या भाषेंत केवळ ‘माणसें’ असा आहे. कुपोषणानें दगावणाऱ्या त्यांच्या बालकांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षें वाचतों. मेळघाट हा देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक. वाघांस निर्वेध रान मिळावें म्हणून बोरी, कोहा, कुंड अशीं गांवें या शतकाच्या आरंभीं खालीं हलविण्यांत आलीं. वाघ राहावा हें खरेंच. पण गांव उठतें तेव्हां भिंतींबरोबर आणखी कांहीं उठतें, त्याची मोजदाद कोणत्याहि नोंदवहींत होत नाहीं. युरोपांतलें चिविता आणि आमचा गाविलगड पाहून मला एवढेंच कळलें कीं, दगड टिकला म्हणजे गांव टिकलें असें नव्हे. तिकडे गांव शोभेचें झालें, इकडे गड ओसाड झाला. आणि मोथ्याच्या अंगणांत, कुडाच्या भिंतीआड, चूल पेटलेली होती.

ज्या वाचकांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. शनिवारीं पहांटे निघून रविवारीं रात्रीं परततां येतें. परतवाड्यास गाडींत इंधन भरून घ्यावें. पावसाळ्यांत घाटांत धुकें दाट असतें; तेव्हां रात्रीं घाट चढूं नये. हिंवाळ्यांत वृद्धांसाठीं कानटोपी व जाड पांघरूण अवश्य न्यावें. गडावर पाणी बरोबर ठेवावें, भर उन्हापूर्वीं उतरावें, आणि तटाच्या कडेला मुलांचा हात सोडूं नये.

परततांना वर्धेचा पूल आला तेव्हां अंधार पडला होता. पुतण्यानें आपणहून विषय काढला. म्हणाला, “काका, मी, धाकटा आणि तुमचा मुलगा, आम्ही तिघं आहोंत. दोन-दोन वर्षांची पाळी लावली तर?” मी कांहीं बोलण्यापूर्वींच त्याची बायको मागून म्हणाली, “पाळी राहण्याची लावाल, ती झाडण्याचीही लावा. त्या चम्मकच्या राजासारखी अट घालून द्या. पुरुषांनी झाडलं नाही, तर घर परत घ्यायचं!” दादा मोठ्यानें हंसले. त्यांचें तसें हंसणें मीं बऱ्याच महिन्यांनीं ऐकलें.

घर विकायचें कीं राखायचें, हें अजून ठरलेलें नाहीं. रोमच्या मुलानें पाळी मान्य केली आहे, पण ती तो केव्हां घेईल हें त्याच्या नोकरीवर अवलंबून. पहिली पाळी मात्र थोरल्या पुतण्यानें माघापासून घेण्याचें कबूल केलें आहे. आणि अट पाळण्यास आपल्यापासूनच आरंभ व्हावा म्हणून रोज सकाळीं ओसरी मी झाडतों. पाठ थोडी दुखते. पण तीस वर्षें मुलांस सांगितलेली एक गोष्ट उशिरा कां होईना खरी झाली, याचें समाधान त्याहून मोठें आहे.